अमेरिकेत नव्याने आलात? आधी आडनाव तपासून घ्या

दर ऑगस्टमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवी मुलं आणि नवी कुटुंबं दाखल होतात आणि त्याच प्रश्नांची फेरी सुरू होते. पगार चांगला असून क्रेडिट कार्ड का नाकारलं? विमा असताना दवाखान्याचं बिल घरी कसं आलं? आईबाबांना सहा महिन्यांसाठी आणायचं तर त्यांचा विमा कुठला काढायचा? उत्तरं दर वर्षी थोडीफार तीच असतात, म्हणून एकदाची लिहून ठेवतो. संकटं साधारण ज्या क्रमाने अंगावर येतात, त्याच क्रमाने.

एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे चिडचिड कमी होईल. इथे एखादी व्यवस्था किचकट किंवा वेडगळ दिसली की ‘या लोकांना एवढंही कळत नाही का’ असं म्हणू नका. ती तशीच राहण्यात कुणाचे पैसे आहेत ते बघा. निम्म्या वेळा उत्तर तिथेच सापडतं. उरलेल्या निम्म्या वेळा खरोखरच कॉम्प्युटर जुना असतो.

पायरी पहिली: नाव आणि आय-९४

आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. अमेरिकेतल्या कॉम्प्युटरला हे झेपत नाही. अनिरुद्ध दत्तात्रय गजेंद्रगडकर विमानाच्या तिकिटावर ‘अनिरुद्धदत्तात्रय’ होतात, बँकेत ‘अनिरुद्ध डी.’ होतात आणि एखाद्या फॉर्मवर रकाना संपल्यामुळे त्यांचं आडनाव ‘गजेंद्रग’वर थांबतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर आणखी मजा. व्हिसावर तुमचं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापतात, म्हणजे नाव अज्ञात. मग पुढची काही वर्षं ‘डियर एफएनयू’ अशी पत्रं येत राहतात. पासपोर्ट काढायचा असेल किंवा नूतनीकरण चालू असेल तर हे भारतातच निस्तरून या.

इथे उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या, म्हणजे सीबीपीच्या वेबसाइटवरून आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद, फुकट डाउनलोड करा. त्यावर तीन गोष्टी बघा: नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, व्हिसाचा प्रकार बरोबर आहे का, आणि तारीख. मुक्काम कधीपर्यंत करता येईल ते व्हिसाच्या स्टिकरवरून नव्हे, आय-९४ वरून ठरतं. पासपोर्ट आधी संपत असेल तर अधिकारी बऱ्याचदा आय-९४ सुद्धा तेवढ्याच तारखेपर्यंत देतो, आणि एच-१बी हा नोकरीचा व्हिसा तीन वर्षांचा आहे म्हणून निर्धास्त बसलेली माणसं इथेच अडकतात. चूक दिसली तर जवळच्या सीबीपी कार्यालयात दुरुस्त होते. प्रिंट काढून पाकिटात ठेवा, कारण १८ वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदा आहे आणि २०२५ पासून त्याची अंमलबजावणी मनावर घेतली आहे. घर बदललं की दहा दिवसांत पत्ता कळवायचा. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयामार्फत, बाकीच्यांनी एआर-११ फॉर्मवर. हे बहुतेकांना कुणी सांगतच नाही.

सोशल सिक्युरिटी नंबरासाठी उतरल्या उतरल्या धावू नका. साधारण दहा दिवस थांबा, तोवर एका खात्याची नोंद दुसऱ्या खात्यापर्यंत पोचते. हो, इंटरनेट जिथे जन्मलं त्याच देशाबद्दल बोलतोय. एप्रिल २०२० मध्ये बेकारी भत्त्याच्या अर्जांचा पूर आला तेव्हा न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना पत्रकार परिषदेत कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा येणारी माणसं मागावी लागली होती. आपल्याकडची कितीतरी मुलं आयटीत येण्याआधी ज्यांनी कोबोल सोडलं, तीच माणसं.

सोशल सिक्युरिटीचा हा नंबर १९३६ मध्ये निव्वळ पेन्शनच्या हिशेबासाठी सुरू झाला. १९४६ ते १९७२ या काळातल्या कार्डांवर ‘ओळख पटवण्यासाठी नाही’ असं छापलेलंही असायचं. ती ओळ काढून टाकली, आणि आज नोकरी, कर्ज, विमा, भाड्याचं घर सगळं त्यावरच चालतं. कार्ड घरी ठेवा आणि फोनवर कुणालाही नंबर देऊ नका.

पायरी दुसरी: पत नसलेल्या माणसाची पत

तुम्ही आयुष्यात कुणाचा रुपया बुडवलेला नाही, याला इथे काडीची किंमत नाही. किंमत कशाला, तर तुम्ही कर्ज घेऊन फेडलंय का याला. ३०० ते ८५० मधला एक आकडा ते ठरवतो, आणि तो इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन खाजगी कंपन्यांकडच्या नोंदींवरून निघतो. तुम्ही त्यांचे गिऱ्हाईक नाही. त्यांचं गिऱ्हाईक बँक, तुम्ही माल. २०१७ मध्ये इक्विफॅक्समधून जवळजवळ १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. नुकसानभरपाई म्हणून १२५ डॉलरपर्यंत मिळतील असं जाहीर झालं, आणि मागणारे इतके निघाले की बहुतेकांच्या हातात किरकोळ रक्कम पडली. कंपनी मात्र आहे तिथेच आहे आणि तुम्ही कर्ज फेडणारे आहात की नाही हे अजूनही सांगते आहे.

करायचं काय? बँकेत थोडी रक्कम अनामत ठेवून ‘सिक्युअर्ड’ क्रेडिट कार्ड घ्या. त्यावर किराणा, फोनचं बिल असला ठरलेला खर्च टाका, मर्यादेच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत राहा आणि दर महिन्याला स्टेटमेंटची पूर्ण रक्कम भरा. ‘थोडी थकबाकी ठेवली की स्कोअर वाढतो’ असं ऑफिसमधला कुणीतरी सांगेलच. त्याने फक्त व्याज वाढतं. वर्ष-दीड वर्षात आकडा रूपाला येतो. तिन्ही कंपन्यांचे अहवाल दर आठवड्याला फुकट बघता येतात, आणि आपली नोंद ‘फ्रीज’ करणं, म्हणजे आपल्या नावावर दुसऱ्या कुणाला कर्ज काढता येऊ नये म्हणून बंद ठेवणं, सप्टेंबर २०१८ पासून कायद्यानेच फुकट आहे. तिन्हीकडे फ्रीज करा आणि कर्ज घ्यायच्या दिवशी उघडा. त्याच साइटवर ‘लॉक’ नावाची त्याच्यासारखीच दिसणारी, काही ठिकाणी मासिक शुल्काची सेवा मोठ्या बटणाने दाखवतील. फुकटचं बटण शोधावं लागेल. ते खालीच असतं.

पायरी तिसरी: पैसे देण्याची कला

भारतात यूपीआय २०१६ ला आलं. इथल्या मध्यवर्ती बँकेची फेडनाऊ ही चोवीस तास पैसे पाठवण्याची यंत्रणा जुलै २०२३ मध्ये आली आणि घरमालकाच्या कानापर्यंत अजून गेलेली नाही. त्यामुळे चेकबुक मागवून ठेवा. चेकवरच्या तारखेत महिना आधी, दिवस नंतर. झेल या बँकांच्या सेवेने पाठवलेले पैसे तात्काळ जातात, पण स्वतःच्या हाताने ठगाला पाठवले असतील तर परतीची आशा फार नसते. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, किंवा ओळखीच्या कुणाला तरी पाहायला लावल्याशिवाय अनामत पाठवू नका. ‘मालक सध्या परदेशी आहेत, किल्ली कुरियरने येईल’ हे वाक्य ऐकलं की फोन ठेवा.

दुकानात लिहिलेली किंमत ही नुसती सुरुवात असते. विक्रीकर काउंटरवर लागतो, राज्यागणिक आणि कधी गावागणिक वेगळा. ऑरेगॉन, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर आणि मोंटानात तो नाही. न्यू जर्सीत कपड्यांवर नाही.

मग टिप. टेबलावर येऊन कुणी वाढत असेल तर अठरा ते वीस टक्के द्यायचे, कटकट करायची नाही. टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्रीय किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे आणि ते १९९१ पासून हललेलं नाही. वेटरचा पगार मालकाऐवजी तुम्ही देताय, एवढाच याचा अर्थ. काउंटरवर स्वतः जाऊन बिस्किटाचा पुडा उचललात आणि समोरचा टॅब्लेट गर्रकन वळून अठरा, बावीस, पंचवीस विचारायला लागला तर ‘नो टिप’ दाबायला लाजू नका. मागच्या रांगेत उभे असलेलेही मनातल्या मनात तेच दाबत असतात.

पायरी चौथी: आजारी पडण्याआधी

इथे जरा सावकाश वाचा. बाकी सगळ्या चुका शेकड्यांत पडतात, ही हजारांत पडते.

आधी हे समजून घ्या की विमा नोकरीला का बांधलेला आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये सरकारने पगार गोठवले, पण विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. कंपन्यांनी माणसं ओढायला विमा देऊ केला, नंतर त्यावर कराची सूट पक्की झाली, आणि युद्धकाळातली ती पळवाट आज कोट्यवधी लोकांची आरोग्यव्यवस्था आहे. नोकरी गेली की विमा गेला. एच-१बी वाल्यांचा व्हिसाही त्याच खुंटीला टांगलेला, म्हणून एका ईमेलने तिन्ही जातात.

नोकरीत रुजू झाल्यावर विमा निवडायला बहुधा ३० दिवस मिळतात. ते चुकले तर वर्षअखेरपर्यंत थांबा. निवडताना चार शब्द लागतात. प्रीमियम दर पगारातून कापला जातो. डिडक्टिबल म्हणजे वर्षभरात आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम. कोइन्शुरन्स म्हणजे त्यानंतरही तुमच्या वाट्याला येणारे टक्के. आणि आउट-ऑफ-पॉकेट मॅक्सिमम म्हणजे वर्षातली शेवटची हद्द. समजा डिडक्टिबल ३००० आहे आणि जानेवारीत एमआरआय काढला. दवाखाना बिल करेल २८००, विमा कंपनीचा ठरलेला भाव असेल ११००, आणि ते ११०० तुम्ही भराल. विमा कंपनीने काय दिलं? भाव. म्हणून दोन योजनांची तुलना नुसत्या प्रीमियमवर करू नका. ‘वर्षभर काहीच झालं नाही तर’ आणि ‘हात मोडला तर’ असे दोन हिशेब कागदावर मांडा.

डॉक्टरच्या रिसेप्शनला फोन करून ‘तुम्ही माझा विमा घेता का?’ असं विचारू नका. घेतात, सगळेच घेतात. विमा कुणाचाही घेऊन बिल तुम्हाला पाठवता येतंच. विचारायचं ते असं: ‘माझ्या या विशिष्ट प्लॅनमध्ये तुम्ही इन-नेटवर्क आहात का?’ म्हणजे विमा कंपनीशी ज्यांचा भाव ठरलाय त्यांच्यात. मग विमा कंपनीला फोन करून हेच पुन्हा विचारा आणि त्या संभाषणाचा रेफरन्स नंबर लिहून घ्या. वेबसाइटवरच्या डॉक्टरांच्या यादीवर विसंबू नका. त्या याद्यांत गाव सोडून गेलेले डॉक्टरही सापडतात.

वार्षिक तपासणी फुकट असते, पण तीत एक सापळा आहे. डॉक्टर अगदी प्रेमाने विचारतात, ‘आणखी काही त्रास?’ तुम्ही म्हणता, ‘नाही हो, जिने चढताना गुडघा जरा दुखतो.’ डॉक्टर गुडघा दाबून बघतात, दोन व्यायाम सांगतात, बर्फ लावा म्हणतात. महिन्याने पाकीट येतं. तपासणी शून्य डॉलर, आणि खाली वेगळ्या ओळीत, वेगळ्या कोडने, गुडघा. प्रतिबंधक तपासणी फुकट, तक्रार विकत. तेव्हा गुडघ्याबद्दल बोलायचंच असेल तर बोला, पण खर्चाची तयारी ठेवून.

उपचारानंतर आधी विमा कंपनीकडून येणाऱ्या कागदावर ‘हे बिल नाही’ असं लिहिलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवा, पैसे भरू नका. खरं बिल आलं की बाबवार, म्हणजे ‘आयटमाइज्ड’ बिल मागा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे जुळवा. रक्कम झेपत नसेल तर आर्थिक मदतीचा अर्ज मागा. ना-नफा इस्पितळांना तसं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. ते स्वतःहून सांगतील अशी वाट मात्र बघू नका. हप्ते बिनव्याजी पाडून द्या म्हणावं, बरेचदा देतात.

ताप, मुरगळलेला पाय, टाके यांना ‘अर्जंट केअर’, जीव धोक्यात असेल तर इमर्जन्सी. १ जानेवारी २०२२ पासूनच्या कायद्यामुळे इमर्जन्सीत नेटवर्कबाहेरचं अवाच्या सवा बिल लावता येत नाही. त्यातून रस्त्यावरची अ‍ॅम्ब्युलन्स मात्र वगळली आहे. आपण शुद्धीवर नसताना कुठल्या कंपनीची गाडी यावी हे आपण कसं ठरवणार, हा प्रश्न काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, अवघड गेला असावा. तरीही छातीत दुखत असेल तर ९११ करा. हिशेब नंतर.

दात आणि डोळे हे इथल्या विम्याच्या लेखी शरीराचे भाग नाहीत, त्यांचा विमा वेगळा. येण्याआधी पुण्या-मुंबईत दाढा भरून घ्या आणि चष्मे दोन करून आणा. आईबाबांसाठी प्रवासाआधीच विमा काढा, आणि ‘फिक्स्ड’ प्रकारचा स्वस्त प्लॅन टाळा. तो प्रत्येक उपचाराला ठरावीक छोटी रक्कम देतो आणि उरलेलं तुमच्यावर सोडतो. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ घ्या. बाबांची जुनी शुगर, आईचं बीपी त्यात धरत नाहीत. अचानक उद्भवलेल्या गंभीर त्रासापुरतं थोडं कव्हर असतं, त्याची वयाची अट वाचा. औषधं मुक्काम पुरेल इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट.

पायरी पाचवी: यंत्राशी बोलणं

कुठेही फोन केलात तर आधी यंत्र बोलतं. ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ म्हणजे माणसं कमी केली आहेत. ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणत राहा, शून्य दाबून बघा, आणि सकाळी उघडल्या उघडल्या फोन करा. चॅटबॉटचं उत्तर कायदेशीर बाबतीत प्रमाण मानू नका. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये व्यावसायिकांसाठी सरकारी चॅटबॉट आणला. मार्च २०२४ मध्ये पत्रकारांनी दाखवून दिलं की तो मालकांना कामगारांच्या टिपमधून वाटा घेता येतो असं सांगत होता. ते बेकायदा आहे.

उलट दिशेने येणारे फोन जास्त धोक्याचे. ‘इमिग्रेशनमधून बोलतोय, तुमच्या नावावर वॉरंट आहे, गिफ्ट कार्डं घेऊन नंबर सांगा.’ कुठलंही सरकारी खातं गिफ्ट कार्डात पैसे घेत नाही. फोनवर खऱ्या खात्याचा नंबर दिसला तरी तो बनावट असू शकतो.

पायरी सहावी: लायसन्स आणि एक छोटा चौकोन

वाहन खात्यात जाताना लागतील त्यापेक्षा दोन कागद जास्त न्या आणि जमलं तर रियल आयडी, म्हणजे देशातल्या विमानप्रवासाला ओळखपत्र म्हणून चालणारं लायसन्स, घ्या. तो कायदा २००५ चा, मूळ मुदत २००८ ची, आणि विमानतळावर अंमल सुरू झाला ७ मे २०२५ ला. आपल्या सरकारी कामांना हसणाऱ्यांसाठी ही तारीख पाठ करून ठेवा. लायसन्सची मुदत आय-९४ शी जोडलेली असते. मुलं चढ-उतार करत असताना पिवळी स्कूल बस थांबली की थांबायचंच, आणि दुभाजक नसलेल्या रस्त्यावर समोरून येणाऱ्यांनीसुद्धा.

आता तो चौकोन. १९९३ च्या कायद्यामुळे लायसन्सच्या काउंटरवरच मतदार नोंदणीचा प्रश्न येतो. कारकून घाईत असतो, स्क्रीनवर ओळी भराभर सरकतात, मागे रांग खाकरते आणि माणूस ‘येस, येस’ करत सुटतो. तुम्ही नागरिक नसाल तर इथे थांबा, वाचा आणि ‘नो’ दाबा. ग्रीन कार्ड असलं तरी ‘नो’. चुकून झालेली नोंदणी पुढे नागरिकत्वाच्या आड येते, हद्दपारीपर्यंतही जाऊ शकते. चुकलंच असेल तर गप्प बसू नका, इमिग्रेशनच्या वकिलाला गाठा.

पायरी सातवी: निवडणुकीचा हंगाम

तो इथे संपत नाही, हे पहिलं. मतदान नोव्हेंबरमधल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी. १८४५ मध्ये शेतकऱ्यांना घोडागाडीने तालुक्याला पोचायला वेळ मिळावा म्हणून तो वार ठरवला. घोडे गेले, मंगळवार राहिला, आणि देशभर सुट्टी नाही. अध्यक्ष देशभरच्या मतांच्या बेरजेवर नव्हे, राज्यागणिक निकालांवर ठरतो, म्हणून २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना सुमारे २९ लाख मतं जास्त पडली आणि अध्यक्ष ट्रम्प झाले. २००० मध्ये फ्लोरिडातल्या ५३७ मतांवर सगळा देश ठरला. सिनेटमध्ये पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगला दोन जागा आणि पावणेचार कोटींहून अधिक वस्तीच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. याला कुणी लोकशाहीची गंमत म्हणतं, कुणी आणखी काही. वायोमिंगला विचाराल तर सगळं झकास चाललंय. आणि ३ फेब्रुवारी २०२० ला आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाने अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्याच्या फेरीचे निकाल गोळा करायला नवं अ‍ॅप आणलं. ते कोसळलं, पर्यायी फोनलाइन तुंबली आणि निकाल यायला काही दिवस गेले. तिथे तेव्हा माणसं शाळेच्या हॉलमध्ये गट करून उभी राहायची आणि डोकी मोजायची, त्याला अ‍ॅप.

तुम्हाला यात काय करायचंय? एच-१बी किंवा विद्यार्थी असाल तर देणगी देऊ नका, बेकायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना चालते. मंडळाच्या कार्यक्रमात एखादा उमेदवार हात जोडून ‘नमस्कार’ म्हणाला तरी पाकीट काढण्याआधी हे आठवा. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून गेल्यापासून आपल्या लोकांना राजकारणाचा हुरूप आलाय, चांगलंच आहे, पण नियम तोच. देणग्या मागणारे मेसेज येतच राहतील, त्यांना ‘स्टॉप’ लिहून पाठवा. घरात कुणी नागरिक झालं असेल आणि देणगी देत असेल तर ‘दर महिन्याला’ या चौकोनात आधीच खूण केलेली नाही ना, ते बघायला सांगा.

सोशल मीडियाबद्दल सल्ला देताना मला बरं वाटत नाही, पण देतो. व्हिसाच्या फॉर्मवर मागच्या पाच वर्षांतली खाती २०१९ पासून विचारतात. जून २०२५ पासून विद्यार्थी अर्जदारांना आणि नंतर एच-१बी वाल्यांनाही ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं आहे. भाषणस्वातंत्र्य घटनेच्या पहिल्याच दुरुस्तीत आहे, व्हिसाच्या खिडकीवर त्याचा मजकूर लावलेला नाही. फॉर्मवर खाती लपवू नका, ते जास्त महागात पडतं. बोलायचं तर विचार करून बोला.

सरकार मधूनमधून बंदही पडतं. २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस पडलं होतं. इमिग्रेशनचे अर्ज बघणारं खातं, यूएससीआयएस, मुख्यतः फीवर चालतं, त्यामुळे अर्ज सरकत राहतात. एच-१बी ला लागणारं कामगार खात्याचं काम मात्र त्या वेळी थांबलं होतं, म्हणून एच-१बी ची तारीख जवळ असेल तर कंपनीच्या वकिलाच्या मागे लागा.

पायरी आठवी: कर

तुमचा पगार किती, कर किती कापला, हे कर खात्याला कंपनीने भरलेल्या डब्ल्यू-२ फॉर्मवरून माहीत असतं. तरी हिशेब तुम्ही करून पाठवायचा आणि तो चुकला तर दंडही तुम्हीच भरायचा. सरकारने २०२४ मध्ये १२ राज्यांत स्वतःची फुकट सेवा सुरू केली, २०२५ मध्ये ती २५ राज्यांत नेली आणि २०२६ च्या हंगामासाठी गुंडाळली. कर भरण्याचं सॉफ्टवेअर विकणारी इंट्युइट २०२२ मध्ये ‘फ्री, फ्री’ अशा जाहिरातींच्या प्रकरणात १४ कोटी १० लाख डॉलर देऊन मोकळी झाली होती. लेखाच्या सुरुवातीचा प्रश्न इथे विचारला तर फार शोधावं लागत नाही.

एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं कराच्या दृष्टीने साधारणपणे अनिवासी असतात. म्हणजे १०४० नव्हे, १०४०-एनआर. टीव्हीवर जाहिरात दिसणारी सॉफ्टवेअरं बहुधा पहिला फॉर्म भरतात आणि चुकलं तर काही बोलत नाहीत. विद्यापीठ अनिवासींसाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड देतं, तो मागून घ्या. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून सरसकट वजावट, मिळतं, चिनी मित्राला मिळत नाही म्हणून तुम्ही सोडू नका. पगारपत्रकावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे मिळून ७.६५ टक्के कापलेले दिसले तर पेरोलला लगेच कळवा, या काळात ते लागू नाहीत.

आणि एक डॉलरही कमावला नसेल, तरी फॉर्म ८८४३ भरायचाच. एफ-२ वर आलेल्या बायकोचा वेगळा, तान्ह्या मुलाचाही वेगळा, त्याच्या वतीने सही आईबापांनी करायची. हा फॉर्म एकटाच पाठवायचा असेल तर ऑनलाइन जात नाही. प्रिंट काढा, निळ्या किंवा काळ्या पेनाने सही करा, प्रत्येकाचं पाकीट वेगळं करा आणि १५ जूनच्या आत टपालाने टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवा. पोस्टातून पोच घ्यायला विसरू नका.